तिपाईवर बसकण : घरी बनवलेल्या सहापायी रोबोटचं एक प्रकरण

जमिनीवर ठेवला की तो झकास उभा राहायचा. सहाही पाय जागेवर ठेवून धड वर-खाली करायचा, डावी-उजवीकडे वळवायचा, उठाबशा काढायचा. मग मी चालण्याची आज्ञा द्यायचे. तीन पाय उचलले जायचे, धड उजवीकडे कलायचं, पोट टपकन जमिनीला टेकायचं आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात सगळे पाय झटका देऊन मधोमध यायचे, कुणीतरी दचकवल्यासारखे. पुन्हा उभा करा, पुन्हा तेच.

हे सहा आठवडे चाललं. त्यातले पहिले चार मी चुकीच्या जागी शोधत होते. सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण दोष एक नव्हता. एकाच्या पोटात दुसरा होता, आणि वरचा काढल्याशिवाय खालचा दिसत नव्हता.

यंत्र कसं होतं

सहा पाय, प्रत्येक पायात तीन सांधे, म्हणजे १८ सर्व्हो मोटरी, सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या. या छंदातली मंडळी पायाच्या तीन भागांना कीटकशास्त्रातली नावं वापरतात : कॉक्सा, फीमर, टिबिया. मी इथे खुबा, मांडी आणि नडगी म्हणते. खुब्याची मोटर पाय पुढे-मागे फिरवते, मांडीची मोटर उचलते, गुडघ्यातली मोटर नडगी दुमडते. माझ्या पायात खुबा ४० मिलिमीटर, मांडी ८० आणि नडगी १२० मिलिमीटर होती. आधीच्या आराखड्यात मांडी-नडगी आखूड होत्या. मी त्या वाढवल्या, कारण लांब पाय रुबाबदार दिसतात. या रुबाबाचा हिशेब पुढे येईल.

सांगाडा आयताकृती. दोन्ही बाजूंना तीन-तीन खुबे एका ओळीत, एकमेकांपासून ११० मिलिमीटरवर, मधल्या रेषेपासून ६० मिलिमीटरवर. खाटेला पाय लावावेत तसे. मोटरी धातूच्या दातांच्या, प्रत्येकी ५५ ग्रॅमच्या. ६ व्होल्टला ११ किलोग्रॅम-सेंटीमीटर टॉर्क, म्हणजे दांड्यापासून एक सेंटीमीटरवर ११ किलो तोलण्याएवढा पीळ, असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं. वजनाची फोड अशी : मोटरी ९९० ग्रॅम, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले पीएलए प्लास्टिकचे भाग ६४०, बॅटरी १३५, बोर्ड-तारा-कन्व्हर्टर १८०, स्क्रू-बेअरिंग वगैरे १५५. एकूण २१०० ग्रॅम. जवळजवळ निम्मं वजन मोटरींचंच, म्हणजे मोटरींची अर्धी ताकद मोटरीच उचलण्यात जाते. चालणाऱ्या यंत्राचा हा जुनाच शाप आहे. एमआयटीत १९८९ साली रॉडनी ब्रूक्स यांच्या प्रयोगशाळेतल्या ‘चेंगीज’ या सहापायी रोबोटला पायागणिक दोनच मोटरी होत्या, एकूण १२, आणि वजन सुमारे एक किलो. गुडघाच नव्हता. मी गुडघा घेतला आणि त्याचं वजनही घेतलं.

मेंदू ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा. १८ मोटरींना थेट पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देण्याऐवजी पीसीए९६८५ चिपचे दोन बोर्ड लावले. ही चिप मुळात एलईडी मंद-प्रखर करण्यासाठी बनलेली, पण तिच्या १६ वाहिन्या सर्व्होलाही चालतात. एका बोर्डावर १८ मावत नाहीत, म्हणून दोन. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स लागतो. त्याची रुंदी १५०० मायक्रोसेकंद असेल तर मोटर मधोमध. चिप २० मिलिसेकंदांचे ४०९६ तुकडे पाडते, म्हणजे एक तुकडा ४.९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे साधारण अर्ध्या अंशापेक्षा जरा कमी. एवढी बारीक मोजणी घरच्या कामाला भरपूर झाली.

बॅटरी दोन सेलची लिथियम पॉलिमर, पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. मोटरींना ते जास्त होतं, म्हणून मध्ये ६ व्होल्ट देणारा, १० अँपिअरचा कन्व्हर्टर. त्याच ६ व्होल्टवरून ईएसपी३२ बोर्डालाही वीज. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

पहिला संशय : गणित

रोबोट पडला की घरी बनवणारा माणूस आधी प्रोग्रॅमकडे बघतो. प्रोग्रॅम फुकटात बदलता येतो, स्क्रू काढावे लागत नाहीत.

पायाचं टोक कुठे ठेवायचं हे ठरलं की तिन्ही सांध्यांचे कोन उलट्या दिशेने काढावे लागतात. यात शाळेतल्या भूमितीपलीकडे काही नाही. वरून बघितलं की टोकाच्या दिशेवरून खुब्याचा कोन मिळतो. बाजूने बघितलं की मांडी, नडगी आणि मांडीच्या सांध्यापासून टोकापर्यंतची सरळ रेषा यांचा त्रिकोण होतो. तिन्ही बाजू माहीत, म्हणून कोसाइनच्या नियमाने कोन मिळतात. एक उदाहरण देते, पुढे उपयोगी पडेल. टोक मांडीच्या सांध्यापासून ७० मिलिमीटर बाहेर आणि ९० मिलिमीटर खाली हवं असेल, तर सरळ अंतर ११४ मिलिमीटर. मांडी क्षितिजापासून २२ अंश वर, आणि गुडघ्यातला कोन ६६ अंश. कागदावर काढून बघितलंत तर नडगी जवळपास सरळ उभी दिसेल.

यात चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि मी सगळ्या झिजवल्या. उजव्या बाजूच्या मोटरी आरशातल्यासारख्या उलट्या बसतात, तिथे चिन्ह बदलावं लागतं. टोक पायाच्या आवाक्याबाहेर मागितलं की कोसाइन उलटवताना एकापेक्षा मोठा आकडा येतो, उत्तर ‘संख्याच नाही’ असं मिळतं आणि मोटर भलतीकडे जाते. आणि मोटरीच्या दांड्यावर २५ दाते असतात, म्हणजे एका दात्यामागे १४.४ अंश. हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसणारा पाय जोडायचा तुकडा, कितीही जपून बसवला तरी सात अंशांपर्यंत तिरका बसू शकतो, आणि तो फरक प्रत्येक मोटरीसाठी वेगळा मोजून प्रोग्रॅममध्ये घालावा लागतो. एका रात्री उजव्या मागच्या पायाच्या फरकाचं चिन्ह उलटं सापडलं. मी आनंदाने टाळी वाजवली. दुरुस्त केलं. रोबोट पूर्वीसारखाच बसला.

मग त्याला एका स्टँडवर टांगलं. पाय हवेत, आणि चाल अगदी निर्दोष. प्रत्येक टोक ठरल्या वाटेने वर, पुढे, खाली, मागे. तीन पाय वर असताना दुसरे तीन खाली, अदलाबदल बिनचूक. त्या रात्रीच मला कळायला हवं होतं की गणिताची चौकशी संपली. हवेत जे बरोबर चालतं आणि जमिनीवर मोडतं, त्यात फरक फक्त वजनाचा असतो. मी मात्र आणखी दहा दिवस पावलाच्या वाटेची वळणं गुळगुळीत करत बसले.

दुसरा संशय : वीज

तो शेवटचा झटका, सगळे पाय मधोमध येण्याचा, मला खटकत होता. प्रोग्रॅममध्ये तसं फक्त एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, सुरुवातीला. म्हणजे बोर्ड चालता चालता पुन्हा सुरू होत होता. ते तपासायला यूएसबी केबल लावून संगणकावर संदेश बघू लागले, तर केबल लावली की आजार गायब! झटका नाही, पुन्हा सुरू होणं नाही. फक्त कलणं आणि बसणं. मी निष्कर्ष काढला की केबलच्या ओढीने तो कलतोय, आणि केबल हातात उचलून धरून त्याच्यामागे फिरू लागले.

दोन संध्याकाळी हे केल्यावर उजेड पडला. केबल लावली की बोर्डाला संगणकाकडूनही वीज मिळते. तपासायला लावलेलं साधनच दुखणं दाबत होतं. तेव्हा केबलविना तपासायची सोय केली : ईएसपी३२ ला आपण मागच्या वेळी का बंद पडलो हे सुरू झाल्यावर विचारता येतं. त्या उत्तराप्रमाणे बोर्डावरचा दिवा तितक्या वेळा लुकलुकवायचा. पुढच्या पडण्यानंतर दिव्याने सांगितलं, ब्राउनआऊट. म्हणजे वीज पुरेशी उरली नाही.

मल्टीमीटरने कन्व्हर्टरपाशी ६.० व्होल्ट दाखवले. नेहमी दाखवायचा तसेच. पण दूरच्या सर्व्हो बोर्डावर प्रोब लावून सर्वांत कमी वाचन धरून ठेवायचा पर्याय निवडला, तर ४.३. मल्टीमीटर सावकाश असतो, सरासरी दाखवतो. व्होल्टचे झटपट चढउतार दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप उसना आणून लावला तर खड्डा ३.३ व्होल्टपर्यंत जात होता. ईएसपी३२ बोर्डावरचा रेग्युलेटर ३.३ व्होल्ट काढायला वर सुमारे १.१ व्होल्ट मागतो. त्याला ते मिळत नव्हते, आणि मेंदूला चक्कर येत होती.

एवढे व्होल्ट गेले कुठे? अशी एक मोटर पूर्ण अडकली की ६ व्होल्टला सुमारे अडीच अँपिअर ओढते. अठरा जणी एकदम अडकल्या तर ४५ अँपिअर. तसं होत नाही, पण तीन पायांवर उभं राहताना चार-पाच मोटरी मान टाकण्याच्या बेतात असल्या की १० अँपिअर सहज होतात. आणि मी तारा कुठल्या वापरल्या होत्या? बारीक, २६ गेजच्या, कारण त्या हाताशी होत्या. त्यांचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. जाऊन-येऊन ६० सेंटीमीटर धरले तर ०.०८ ओहम, १० अँपिअरला ०.८ व्होल्ट नुसत्या तारेत. वर टोचणीचे कनेक्टर, आणि स्वतःच धापा टाकणारा कन्व्हर्टर.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर लावा. मीही लावला, १००० मायक्रोफॅरडचा. हिशेब केला असता तर लावला नसता : १० अँपिअरचा तुटवडा भरून काढताना तो दर ०.१ मिलिसेकंदाला एक व्होल्ट रिकामा होतो. क्षणिक टोचणीला तो ठीक, अर्धा सेकंद चाललेल्या ओढीपुढे तो चहाच्या कपाने आग विझवण्यासारखा.

दुरुस्ती साधी होती. मेंदूला बॅटरीवरून स्वतंत्र छोटा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. दोन सर्व्हो बोर्डांना दोन वेगळे ६ व्होल्टचे कन्व्हर्टर, नऊ-नऊ मोटरी वाटून. जाड १४ गेजच्या सिलिकॉन आवरणाच्या तारा. आणि जमिनीची, म्हणजे ऋण टोकाची, तार सगळ्यांची एकाच जागी जोडलेली. ती समान नसेल तर पल्सला अर्थ राहत नाही.

झटका बंद झाला. दिवा लुकलुकेना. रोबोट आता शुद्धीवर राहून बसू लागला.

हसू नका, ही प्रगती होती. आधी तो कलता-कलताच बेशुद्ध पडायचा, त्यामुळे कलणं हा वीज जाण्याचा परिणाम वाटत होता. आता वीज भक्कम, मेंदू जागा, आणि तरीही उजवीकडे कलणं होतंच. दुसऱ्या पावलाला डावीकडे. चार पावलांत उजव्या मधल्या पायाची मांडीची मोटर हात लावता येणार नाही इतकी तापायची. वीज कमी पडत होती हे खरं, पण ती कुणीतरी अवाच्या सवा मागत होतं म्हणून.

तिसरी चौकशी : वजनकाटा

माझी एक मैत्रीण इमारतींच्या सांगाड्यांचे हिशेब करते. तिला सर्व्होतलं काही कळत नाही. तिने रोबोट दोन वेळा पडताना बघितला आणि विचारलं, “मधल्या पायावर किती वजन येतं?”

“तीन पाय आहेत, एक-तृतीयांश येत असणार.”

“असणार म्हणजे? मोजलंस का? अगं, हा साधा तिपाईचा प्रश्न आहे.”

मोजलं. तीन पायांच्या मांड्या पट्ट्या लावून केबल टायने धडाला आवळल्या, म्हणजे मोटरींवर भरवसा नको. मधल्या पायाखाली डिजिटल काटा, बाकी दोन पायांखाली तितक्याच उंचीच्या फळ्या. काटा एकेका पायाखाली फिरवला. डावा पुढचा ५२० ग्रॅम. डावा मागचा ५६०. उजवा मधला १०२०.

तीन पायांवर तोललेलं वजन तिघांत सारखं वाटलं जात नाही. तिपाई चालीत एका बाजूचे पुढचा-मागचा असे दोन पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला एकटा, असं त्रिकूट असतं. धड कुठल्याच बाजूला कलू नये, तर डाव्या बाजूने जेवढा टेकू दिला तेवढाच उजव्या बाजूने द्यायला हवा, कारण माझ्या खाटेसारख्या सांगाड्यात दोन्हीकडची टोकं मधल्या रेषेपासून सारख्याच, २०० मिलिमीटरवर होती. डावीकडे अर्धं वजन दोघांत वाटलं, उजवीकडे अर्धं वजन एकट्यावर. सीसॉवर एका बाजूला दोन मुलं आणि दुसरीकडे एकच बसवलं, तर त्या एकट्याचं वजन दोघांइतकं असावं लागतं, तसंच.

आता आकडे बघा. उभं राहताना सहाही पाय खाली, सरासरी ३५० ग्रॅम पायागणिक. टोक मांडीच्या सांध्यापासून १० सेंटीमीटर बाहेर, म्हणून मांडीच्या मोटरीवर ३.५ किलोग्रॅम-सेंटीमीटर. आरामात. चाल सुरू झाली की मधल्या पायावर १.०५ किलो, गुणिले १० सेंटीमीटर, १०.५ किलोग्रॅम-सेंटीमीटर. मोटरीची हद्द ११. पण हे ११ म्हणजे मोटर फिरायची थांबते तो टॉर्क. त्या ओझ्याखाली ती काम करत नाही, नुसती तापते. सततच्या कामाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत धरावं. शिवाय तारेत व्होल्ट गेल्यामुळे माझी हद्द ११ सुद्धा नव्हती.

म्हणजे उठाबशा काढून दाखवणारा रोबोट मला काहीच सांगत नव्हता. उभं राहणं आणि चालणं यांत मधल्या पायासाठी तिपटीचा फरक आहे, आणि मी मोटर निवडताना उभ्या रोबोटचा हिशेब केला होता. एकूण वजन भागिले सहा. त्यानंतर मी बरेच आराखडे या नजरेने बघितले. जाणत्या लोकांनी केलेल्या धडाचा आकार षटकोनी असतो, मधले खुबे बाहेर काढलेले. मला ती शोभा वाटायची.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी उलगडली. रबरी चटईवर रोबोट जरा कमी कलायचा, गुळगुळीत फरशीवर लगेच. टोकाला जमिनीची पकड असेल तर घर्षण पायाला आत ढकलतं, आणि तो आतला रेटा मांडीच्या मोटरीवरचा भार काही प्रमाणात उतरवतो. फरशीवर टोक बाहेर सरकतं. सरकलं की सांध्यापासूनचं अंतर वाढतं. अंतर वाढलं की टॉर्क वाढतो. मोटर आणखी मागे हटते. छंदाच्या सर्व्होचा स्वभावही याला मदत करतो : ठरल्या कोनापासून ढळल्याशिवाय ती जोर लावतच नाही. जेवढं ढळणं तेवढा जोर. त्यामुळे ओझ्याखाली थोडं वाकणं हे तिच्या रचनेतच आहे, आणि निसरड्या फरशीवर तेवढंच निमित्त पुरतं.

काय बदललं

सोपा उपाय समोर होता : अठराही मोटरी दुप्पट ताकदीच्या घ्या. तो मी टाळला. जास्त ताकदीची मोटर अडकली की करंटही जास्त ओढते, म्हणजे नुकतीच मिटवलेली विजेची भानगड पुन्हा. आणि खुब्याच्या मोटरींना जवळजवळ काही ओझंच नसतं, त्या फक्त पाय झुलवतात.

आधी तरफ आखडली. टोकं १०० ऐवजी ७० मिलिमीटरवर आणली. मघाचं उदाहरण आठवा, या ठेवणीत नडगी सरळ उभी राहते. वजन नडगीतून थेट खाली जातं. पूर्वी नडगी २५ मिलिमीटर बाहेर झुकलेली होती, त्यामुळे गुडघ्याच्या मोटरीवरही अडीचेक किलोग्रॅम-सेंटीमीटर येत होते. ते जवळपास शून्य झाले. एक पैसा खर्च न करता. रुबाब गेला खरा. आता तो पाय पसरलेल्या कोळ्याऐवजी पोटाखाली पाय घेऊन उभ्या असलेल्या टेबलासारखा दिसतो.

मग सांगाडा पुन्हा छापला, मधले दोन खुबे ३५ मिलिमीटर बाहेर. आता मधल्या टोकाचं मधल्या रेषेपासूनचं अंतर २०५ मिलिमीटर, कोपऱ्यातल्यांचं १७०. सीसॉवरचा एकटा मुलगा दांड्याच्या टोकाकडे सरकला, म्हणून त्याच्यावरचा वाटा अर्ध्यावरून ४५ टक्क्यांवर आला. फायदा लहान, पण सोबत दुसरा मिळाला : तीन टोकांच्या त्रिकोणात गुरुत्वमध्य पुढे-मागे किती सरकू शकतो, ती मोकळीक ५५ वरून ६० मिलिमीटर झाली. ५० मिलिमीटरच्या पावलात धड मध्यापासून २५ पुढे आणि २५ मागे जातं, तेव्हा ३५ मिलिमीटर हाताशी उरतात. पाय आत घेतले की तोल कमी होईल ही माझी भीती इथे मिटली. पुढे-मागच्या तोलात पायांच्या पसाऱ्यापेक्षा खुब्यांमधलं अंतर मोलाचं.

नव्या सांगाड्याला भोकं पाडली, भिंती पातळ केल्या, निरुपयोगी स्क्रू काढले. २५० ग्रॅम उतरले, वजन १८५० वर आलं.

सगळं धरून मधल्या पायाच्या मांडीवर आता सुमारे ०.८४ किलो गुणिले ७ सेंटीमीटर, ५.९ किलोग्रॅम-सेंटीमीटर. साडेदहावरून पावणेसहाच्या किंचित वर. तरीही हद्दीच्या निम्म्याहून जास्त. म्हणून फक्त दोन मोटरी बदलल्या, मधल्या दोन पायांच्या मांडीच्या. त्यांच्या जागी २० किलोग्रॅम-सेंटीमीटरच्या, त्याच मापाच्या.

चालही बदलली, आणि यावर मी अजून स्वतःशी भांडते. तिपाई चालीत तीन पाय खाली असतात. चार पाय खाली ठेवून दोन-दोन उचलायची चालही असते : डावा पुढचा आणि उजवा मधला, मग डावा मधला आणि उजवा मागचा, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा. सगळे पाय सारखेच लवचीक धरले, तर कुठल्याही पायावर येणारा जास्तीत जास्त वाटा साधारण ३५ टक्के. एकेकच पाय उचलायची तिसरी चाल त्याहून निवांत. किंमत वेगात मोजावी लागते. पाय उचलून पुढे टाकायला ०.४ सेकंद आणि पाऊल ५० मिलिमीटर धरलं, तर तिपाई चालीत सेकंदाला १२५ मिलिमीटर, चौपायी आधाराच्या चालीत ६२, आणि एकेक पाय उचलताना फक्त २५. झुरळ पळताना तिपाई चाल धरतं आणि काडीकिडा सावकाश चालताना चार-पाच पाय टेकवून ठेवतो, त्यामागे नुसती सवय नसावी असं आता वाटतं.

चार पायांच्या आधाराला एक खोड आहे. मैत्रीण म्हणाली तसं, तिपाई कधी डुगडुगत नाही, टेबल डुगडुगतं. तीन टोकं कशाही जमिनीवर टेकतातच. चौथं टेकेल की लोंबकळेल हे जमीन ठरवते. माझ्या पायाच्या टोकाला स्पर्श कळायची सोय नाही, त्यामुळे उंचसखल जागी ३५ टक्क्यांचा हिशेब कागदावरच राहतो आणि कधी कधी मधला पाय पुन्हा निम्मं ओझं घेतो. म्हणूनच त्या दोन मोटरी बदलणं मला गरजेचं वाटलं. सपाट फरशीवर तिपाई चाल, चटईवर आणि उंबऱ्याजवळ चौपायी, असं आता हाताने बदलते.

मग तिसरा दोष निघाला

नव्या मोटरी बसवल्या, आणि तो चालला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न बसता. पण उजवीकडे थोडा कललेला, दोन-तीन अंश. मी आधी हॉर्नच्या दात्यांचा फरक पुन्हा मोजला, तो बरोबर होता. पट्टी लावून बघितलं तर मोटरच तिरकी उभी होती.

खुब्याचे, मांडीचे भाग मी जुनेच ठेवले होते, फक्त धड नवं छापलं होतं. पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. सहा आठवडे त्या पायाच्या मोटरीने स्वतःला भाजत स्वतःच्याच घराच्या भिंती नरम केल्या होत्या, आणि ओझ्याने त्या झुकून तशाच थंड झाल्या होत्या. स्क्रूची भोकं अंडाकृती झालेली. डाव्या मधल्या पायाचं तेवढं नव्हतं, कारण चाल नेहमी उजव्या मधल्या पायाच्या टेकूने सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा तिथेच संपायची. ते दोन्ही भाग पीईटीजी प्लास्टिकमध्ये छापले. ते साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं. कल गेला.

यामुळे एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो मला प्रामाणिकपणे नोंदवायला हवा : पहिल्या आठवड्यात, भिंती ताठ असताना, कलणं नंतरच्याहून कमी होतं का? बहुधा होतं. म्हणजे मी पुन्हा पुन्हा चाचणी घेत होते तेव्हा प्रत्येक चाचणीने दोष थोडा वाढत होता, आणि मी मात्र दर वेळी तोच रोबोट तपासतेय असं धरून चालले होते. पावलाची वाट गुळगुळीत केल्यावर परिणाम उलट बिघडल्यासारखा का वाटला, त्याचं उत्तर इथे आहे.

सध्याची स्थिती. तिपाई चालीत दहा मिनिटं सलग चालल्यावर मधल्या मांडीच्या मोटरी कोमट लागतात, बोट ठेवून ठेवता येतं. २२०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी वीसेक मिनिटं पुरते; एक सेल ३.४ व्होल्टवर आला की भोंगा वाजतो आणि मी थांबवते, लिथियमच्या सेलला त्याखाली नेण्यात शहाणपणा नाही. टोकांना रबरी टोप्या आहेत, त्या आठवड्यातून एकदा कुठेतरी गळून पडतात आणि सोफ्याखाली सापडतात.

डावा मागचा पाय टेकताना एक टक् असा जादा आवाज करतो, दोनदा टेकल्यासारखा. प्रोग्रॅम अजून उघडलेला नाही. काटा त्याच्या खाली ठेवलाय.